अवश्य वाचावं

ज्याला आयुष्यात कुणी कधी काही विचारलेलं नसतं, त्याला एकदा का लोक विचारायला लागले, की त्याची मोठी पंचाईत होते. 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द त्याच्या तोंडून निघता निघत नाहीत. कार्डमास्तरांचं तसं झालं, आणि ते बावीस वर्षं तसंच चालू राहिलं.

वाचनालयात ते लागले ते शिपाई म्हणून. धूळ झटकायची, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची, संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायच्या, एवढंच काम. शाळा अर्ध्यावर सुटलेली, पण अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. त्या वेळचे ग्रंथपाल मोठे हौशी गृहस्थ होते. दर पंधरवड्याच्या सोमवारी नवी पुस्तकं आली, की ती दाराजवळच्या काचेच्या कपाटात मांडायची आणि प्रत्येकाखाली एक कार्ड लावायचं, अशी पद्धत त्यांनी पाडली. कथा-कादंबऱ्यांना कार्ड नाही. "गोष्टीला आमंत्रण लागत नाही," ते म्हणायचे, "माहितीच्या पुस्तकांना मात्र हाताला धरून वाचकापर्यंत न्यावं लागतं." पोस्टकार्डाएवढं जाड पांढरं कार्ड, वर निळ्या शाईत पुस्तकाचं नाव, खाली काळ्या शाईत चार ओळी, आणि पुस्तक खासच असेल तर शेवटी तांबड्या शाईत दोन शब्द : अवश्य वाचावं. मजकूर ग्रंथपाल सांगायचे आणि शिपाई कट निबच्या पेनानं तो उतरवायचा.

ग्रंथपाल निवृत्त झाले. त्यांच्या जागी बाई आल्या, त्यांना डोकं वर काढायला फुरसत नव्हती. कार्डांचा मजकूर विचारायला शिपाई गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हीच लिहा की. इतकी वर्षं लिहिताय." सगळ्या घोटाळ्याचं मूळ या एका वाक्यात आहे. त्या दिवशी शिपायाचा मास्तर झाला.

मास्तरांनी प्रयत्न केला नाही असं नाही. पहिलं पुस्तक बर्फाच्या नद्यांवरचं होतं. तीन दिवस त्यांनी ते उशाशी ठेवलं आणि तिन्ही दिवस अकराव्या पानावर त्यांचा डोळा लागला. सोमवार जवळ आला, टेबलावर आणखी पाच पुस्तकं आ वासून पडलेली. मग गरजेनं अक्कल शिकवली. मागचं कव्हर वाचायचं, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवायचं आणि प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद तेवढा पाहायचा. शेवटचाच का, तर लेखक मंडळी सुरुवातीला नमनालाच घडाभर तेल ओततात, आणि कामाचं काय ते शेवटी सांगतात, असा त्यांचा अनुभव होता. लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, मास्तर पातेल्याच्या झाकणावरून करायला लागले.

आणि खरं सांगायचं तर कार्डं झकास असायची. चार ओळी अशा, की पुस्तक घेतल्यावाचून पाय निघू नये. निवृत्त मंडळी सोमवारी दहाच्या ठोक्याला काचेसमोर उभी राहायची. काही जण पुस्तक न नेता नुसती कार्डं वाचून घरी जायचे आणि आठवडाभर त्या जोरावर चारचौघांत मतं ठोकायचे. दोन माजी हेडक्लार्क विश्वाच्या वयावरून महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांचंही भांडवल त्या चार ओळी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता, आणि तो समोरच्या स्टुलावर बसून पुस्तकांना कव्हरं घालत होता.

"मास्तर, तुमचं वाचन म्हणजे अफाट," कुणी म्हटलं की ते मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

घरी फक्त ताई. मास्तरांहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा घरातल्या दोघांपैकी एकालाच शाळेत पाठवता येईल अशी स्थिती होती. ताईनं दप्तर धाकट्या भावाच्या खांद्याला लावलं आणि स्वतः शिवणाच्या मशीनवर बसली. पुढे तिचं लग्न झालं, नवरा बस चालवायचा, तो गेला, आणि ताई पुन्हा भावाकडे आली. बरोबर मशीन आलं. पायानं चालवायचं, काळं, जड, दोघा माणसांनी उचलून आणलेलं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी ते बसलं आणि त्याची खडखड घरात दिवसभर चालू राहिली. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, सुटलेल्या बाईच्या ड्रेसची कंबर सैल करून देणं, असली कामं. ताईचे पाय ठरावीक तालात हलायचे आणि तोंड गिऱ्हाइकांशी.

भावाला ती अजून 'छोट्या' म्हणायची. छोट्याला आता मागून टक्कल पडायला लागलं होतं, पण ताईच्या लेखी तो दप्तरवालाच.

ताईला वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. चष्मा लावला तर काजातलं सूत मोजील. पण तिनं मनाशी वाटणी करून टाकली होती. घरात एकानं वाचलं की पुरे. पेन्शनचा कागद असो की भाडेकरार, ती म्हणायची, "तू वाचलंस ना? मग झालं. सही कुठे करू तेवढं दाखव." मास्तर बोट ठेवायचे आणि ताई त्या बोटाला लागून सही करायची.

पुस्तकांचंही तेच. पंधरा दिवसांनी कार्डं कपाटातून उतरली, की मास्तर ती घरी आणायचे आणि ताई ती वहीत चिकटवायची. सात जाडजूड वह्या भरल्या होत्या. "सगळी पुस्तकं कुठं वाचत बसू," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "माझ्या भावानं वाचून त्याचा अर्क काढलेला असतो." म्हणजे गंमत बघा. भाऊ वाचतो म्हणून बहीण वाचत नव्हती, आणि भाऊ वाचत नव्हता. दोघांत मिळून त्या घरात एकही पुस्तक वाचलं जात नव्हतं.

एक कार्ड ताईनं वहीत न लावता मशीनच्या वरच्या भिंतीवर लावलं होतं. नवरा गेला त्या वर्षीचं. पुस्तक होतं आप्तांच्या मृत्यूनंतर कसं सावरावं याबद्दलचं. कार्डावर लिहिलं होतं : "दुःखाला घाई करू नये. ते पाहुण्यासारखं येतं, आणि जायची वेळ झाली की आपणहून चपला शोधतं." त्या एका ओळीवर ताईनं ते वर्ष काढलं. पुढे कुणी रडत आलं, की ती मशीन थांबवून तेच सांगायची, आणि वर म्हणायची, "पुस्तकात आहे हं, मी नाही म्हणत."

तर अशा ताईला साखर झाली. चार वर्षं सकाळ-संध्याकाळ पोटात इन्सुलिनची सुई. तिला त्याचा मनस्वी कंटाळा. "दिवसभर कापडाला सुया टोचते, आणि दोन वेळा स्वतःला. मी काय टाचण्या खोचायची उशी आहे?" असं म्हणत रोज टोचून मात्र घ्यायची.

त्याच सुमारास वाचनालयात एक नवं पुस्तक आलं. एका निवृत्त डॉक्टरांनी लिहिलेलं, नाव 'साखरेला रजा'. मास्तरांनी मागचं कव्हर वाचलं, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद पाहिला आणि पेन उचललं : "साखरेचा आजार म्हणजे जन्मठेप नव्हे. रोजचं चालणं, दुपारपर्यंत पोटाला विश्रांती आणि मनाची शांतता यांच्या बळावर गोळ्यांना नि सुयांना रजा देता येते, हे एका अनुभवी डॉक्टरांनी दाखवून दिलं आहे." खाली तांबड्या शाईत, अवश्य वाचावं. मागच्या कव्हरावर फक्त गोळ्या होत्या. सुया मास्तरांनी आपल्या पदरच्या घातल्या. गोळ्या-सुया ही जोडी कानाला बरी वाटली, बस्स.

पंधरा दिवसांनी ते कार्ड घरी आलं. चार दिवसांनी जेवताना ताई म्हणाली, "छोट्या, तुझ्या त्या साखरेच्या पुस्तकातलं सुरू केलंय मी."

मास्तरांच्या डोक्यात सोमवारची सहा पुस्तकं होती. "छान," ते म्हणाले. "छान झालं."

ताई सकाळी चालायला लागली. दुपारपर्यंत काही खाईना. सुईला तिनं रजा दिली. पहिले काही दिवस तिला हलकं वाटलं. मग तहान लागायला लागली, थकवा यायला लागला. अंगाला सवय होतेय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. अडीच महिने असे गेले. एक दिवस जाड कापड शिवताना मशीनची सुई मोडली आणि तिचं टोक खाली पडलं. पाय टेकताना ते तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली घुसलं, आणि तिला कळलंच नाही, कारण तळवे कधीचे बधिर झाले होते. मोज्याला डाग दिसला तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते. तिनं घरच्या घरी धुतलं, पट्टी बांधली, भावाला 'काही नाही रे, खरचटलंय' म्हणाली. आठव्या दिवशी अंगात ताप, आणि पाय घोट्यापर्यंत सुजून काळानिळा.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"इंजेक्शन कधीपासून बंद आहे?"

"अडीच महिने झाले."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

तापानं फणफणलेली ताई उशीवरून मान उचलून अभिमानानं म्हणाली, "पुस्तकात आहे. माझ्या भावानं वाचलंय. वाचनालयात असतो तो, सगळी पुस्तकं वाचतो."

डॉक्टरबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. "तुम्ही वाचलंत?"

"हो," मास्तर म्हणाले.

अंगठा काढावा लागणार होता. फॉर्म आला, दोन पानी. मास्तरांनी तोही वाचला नाही. सवयीनं शेवटचं पान उलटलं, सहीची चौकट शोधली आणि बोट ठेवलं. ताईनं बोटाला लागून सही केली.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात गेले, पुस्तक काढलं आणि मागच्या रांगेत शिडीच्या पायरीवर बसून प्रस्तावना उघडली. या खेपेला पहिल्या ओळीपासून. तिथे तेलाचा थेंब नव्हता. लेखक पहिल्या वाक्यालाच मुद्द्यावर आला होता.

"आधीच सांगतो. जे रुग्ण इन्सुलिन घेतात त्यांच्यासाठी हे पुस्तक नाही. त्यांनी ते इथेच मिटावं आणि आपल्या डॉक्टरांकडे जावं. इन्सुलिन आपल्या मनानं बंद करणं म्हणजे धावत्या बसमधून उतरणं आहे."

मास्तरांनी ते तीनदा वाचलं. मग पुढे वाचत गेले. अकरावं पान आलं आणि गेलं, डोळा लागला नाही. दोन दिवसांत पुस्तक संपलं. हीच सूचना आणखी दोन ठिकाणी होती, एकदा तर काळ्या चौकटीत. पुस्तक चांगलं होतं. सरळ होतं, प्रामाणिक होतं. ते वाईट निघालं असतं तर मास्तरांना किती बरं वाटलं असतं.

आणि जगाला तर ते वाईटच वाटत होतं. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "मास्तर, ताईंचं कळलं. असली पुस्तकं ठेवायलाच नकोत. आत ठेवून देते, कुणाला देऊ नका." हेडक्लार्क जोडीचं तर बऱ्याच दिवसांनी एकमत झालं, की लेखकावर खटलाच भरायला हवा. दवाखान्यात ताई म्हणाली, "तो डॉक्टर खोटारडा निघाला रे. तुझी काय चूक? तू आपला वाचून सांगितलंस." मास्तरांनी मान खाली घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर उघडायला कुणी सांगतही नव्हतं. पुस्तक बाईंच्या कपाटात कुलपात पडलं. कव्हरावरच्या फोटोत लेखक हसत होता. त्याच्या नावावर दुसऱ्याचं पाप जमा झालंय हे त्याला कुठून ठाऊक असणार.

सोमवार आला. सहा नवी पुस्तकं होती. मास्तरांनी निळ्या शाईत सहा नावं लिहिली आणि खाली काहीच लिहिता येईना. कार्डं तशीच कोरी लागली. मंडळी काचेसमोर उभी राहिली, एकमेकांकडे बघितलं आणि पुस्तकांना हात न लावता निघून गेली.

अंगठ्याची जखम भरली नाही. काळेपणा वर चढायला लागला. डॉक्टरबाईंनी दोघांसमोर स्पष्ट सांगितलं, "पाऊल जाईल. घोट्याच्या वरपर्यंत. उशीर केला तर गुडघ्यापर्यंत, आणि त्याहून उशीर केला तर मी काही सांगू शकत नाही. उद्यापर्यंत ठरवा."

त्या गेल्यावर ताई बराच वेळ चादरीखालच्या उंचवट्याकडे बघत राहिली. "मशीन कशानं चालवू रे?"

मास्तर चादरीची टोकं सारखी करायला लागले.

"ती कोपऱ्यावरची बाई आली होती. ती म्हणते लेप लावून बरं होतं. तिच्या दिराचं झालं. कापाकापी नको म्हणाली." ताईनं त्यांचा हात धरला. "मी काय म्हणते, छोट्या. तू एखादं पुस्तक बघ यावरचं. तू सांगशील तसं करू. तू म्हणालास काप, तर कापू देते. तू म्हणालास नको, तर मला घरी ने आणि लेप लाव. डॉक्टर काय, त्यांना रोजचंच आहे. तू वाचलेला माणूस आहेस."

'काप' म्हणणं सोपं होतं. ते बरोबरही होतं, मास्तरांना ते कळत होतं. पण तो शब्द ताई ज्या भरवशावर घेणार होती, त्याच भरवशानं तिचा अंगठा खाल्ला होता. आज तो शब्द बरोबर निघाला म्हणून काय झालं? ती उद्या पुन्हा विचारणार, परवा पुन्हा विचारणार, आणि कोपऱ्यावरच्या बाईसारखं कुणी ना कुणी रोज येणार. मास्तर म्हणाले, "उद्या सांगतो," आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. त्यांना भीती वाटत होती. ताईचा पाय जाईल याची वाटत होतीच, पण त्याहून वेगळी एक होती आणि तिची त्यांना लाज वाटत होती. जगात एकच माणूस त्यांना मनापासून शहाणा समजत होतं. उद्यापासून ते समजणार नव्हतं.

सकाळी ते बाईंकडून कुलूप उघडवून पुस्तक घेऊन आले. ताईच्या खाटेशी स्टूल ओढलं आणि काही न बोलता वाचायला सुरुवात केली. "आधीच सांगतो. जे रुग्ण इन्सुलिन घेतात त्यांच्यासाठी हे पुस्तक नाही..." धावत्या बसपर्यंत वाचलं आणि थांबले.

ताईनं डोळे उघडले. "हे कशातलं?"

"त्याच पुस्तकातलं. साखरेला रजा."

"हे तुझ्या कार्डावर नव्हतं."

"नव्हतं."

ताईनं थोडा विचार केला. मग तीच समजुतीनं म्हणाली, "जागा पुरली नसेल. चार ओळींत माणूस काय काय बसवणार."

सुटायला वाट होती, आणि ती तिनंच काढून दिली होती. लहानपणी काच फुटली की ती अशीच पुढे होऊन 'वाऱ्यानं खिडकी आपटली' म्हणायची.

"जागा होती, ताई," मास्तर म्हणाले. "मी वाचलंच नव्हतं."

"हे पान?"

"पुस्तक. मी कुठलंच वाचत नाही. मागचं कव्हर वाचतो, आत काय काय प्रकरणं आहेत ते बघतो आणि लिहितो. सुयांचं तर कव्हरावरही नव्हतं. ते मीच घातलं."

"बावीस वर्षं?"

"सुरुवातीला दोन-तीन वाचली होती. अर्धी."

शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडली होती. तिचा श्वाससुद्धा ऐकू येईना. ताई छताकडे बघत होती.

"आणि चपलांचं?"

"काय?"

"दुःख आपणहून चपला शोधतं. ते तरी पुस्तकात आहे ना?"

इथे खोटं बोलायला मास्तर जवळजवळ तयार झाले होते. "नाही," ते म्हणाले. "त्या पुस्तकाचं मागचं कव्हर कोरं होतं, प्रस्तावनाही नव्हती. ते मी लिहिलं. तुझ्याकडे बघून."

हे ऐकून ती थोडी तरी विरघळेल, अशी आशा त्यांच्या मनात डोकावली. आपल्याच बहिणीच्या खाटेशी बसून माणूस काय काय आशा करतो.

"मी किती जणींना सांगितलं ते," ताई म्हणाली. "पुस्तकात आहे म्हणून सांगितलं. लोकांनी ऐकलं माझं." तिचा आवाज चढला नाही. "आणि मी तुला सांगितलं होतं. जेवताना. सुरू केलंय म्हणून. तू छान म्हणालास."

"हो."

"तेव्हा नुसतं 'मला माहीत नाही' म्हणाला असतास, छोट्या, तर मी डॉक्टरांना विचारलं असतं."

मास्तर रडले. चाळिशी काढून बाहीनं डोळे पुसत राहिले. ताईनं त्यांना थोपटलं नाही, आणि गप्प बसही म्हटलं नाही.

त्यांनी चाळिशी पुन्हा लावली तेव्हा तिनं विचारलं, "मग आता काय सांगतोस? कापू द्यायचा की लेप?"

"मला माहीत नाही, ताई. डॉक्टरांनाच विचारू या."

डॉक्टरबाई आल्या. ताईनं त्यांना खाटेवर बसवून घेतलं आणि एकामागून एक प्रश्न विचारले. लेप का नको. काळं वर का चढतं. नुसतं औषधांवर का भागत नाही. किती दिवसांनी उभी राहीन. डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे पायाचं चित्र काढून दाखवलं. शेवटी ताईनं विचारलं, "शिवणाचं मशीन चालवता येईल का? एका पायानं?"

"ते मात्र मला सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत नाही. पायाच्या व्यायामाचं जे बघतात त्यांना विचारते आणि संध्याकाळी सांगते."

किती सहज म्हणाल्या त्या. मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले.

थोड्या वेळानं नर्स फॉर्म घेऊन आली. या खेपेला चार पानांचा होता. मास्तरांनी सवयीनं तो हातात घेतला, शेवटचं पान उलटलं, पेनाचं टोपण काढलं आणि सहीच्या चौकटीवर बोट ठेवून कागद पुढे केला.

"इकडे दे," ताई म्हणाली. "माझा चष्मा कुठंय?"

"मी वाचून दाखवतो ना. सगळं वाचतो. पहिल्या ओळीपासून."

"नको. माझं मी वाचते."

चष्मा तिच्या पिशवीत, शिवणाच्या टेपखाली होता. तिनं तो पदरानं पुसला, लावला, आणि पहिलं पान वर काढलं. ती बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होती. शाळेत शिकलेली तशी. एक ओळ झाली की बोट पुन्हा डावीकडे यायचं. नर्सनं दोनदा घड्याळाकडे बघितलं आणि मग ती शेजारच्या खाटेची सलाइन तपासायला गेली. मास्तर पेन हातात धरून उभे होते.

सातव्या ओळीवर बोट थांबलं. ताईनं मान वर केली. मास्तर पुढे झुकले. तिनं त्यांच्या पलीकडे बघून नर्सला हाक मारली.

"बाई, हे 'विच्छेदन' म्हणजे नेमकं कुठपासून?"